डोकं तापतं त्या दोन मिनिटांत काय करायचं: ख्रिस्ती विश्वासातून धीर शिकण्याची रोजची पद्धत

बायबलमधली आत्म्याच्या फळांची, म्हणजे पवित्र आत्मा माणसात घडवतो त्या गुणांची, यादी आपल्याकडे संडेस्कूलच्या पोरांनाही तोंडपाठ असते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, पुढे सगळी. तरी उपासना सुटून बाहेर आलो आणि कोणी आपल्या गाडीच्या पुढे गाडी आडवी लावून गेलेला दिसला की तिथेच आवाज चढतो, आणि घरी पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडं वाकडी. हे घराघरातलं आहे म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

मोठ्या संकटांबद्दल मी लिहीत नाहीये. आजारपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू, अशा वेळी पास्टर घरी येतात, मंडळीतली माणसं डबा घेऊन येतात, प्रार्थना होतात आणि माणूस कसाबसा उभा राहतो. खरी पंचाईत होते ती लहान गोष्टींत, कारण तिथे कोणी प्रार्थनेची विनंती देत नाही. सिग्नलला अडकलोय, काउंटरवरचा माणूस म्हणतोय सर्व्हर डाऊन आहे उद्या या, पोरगं पाचव्यांदा सात आठे चौपन्न म्हणतंय, सासरे तोच प्रश्न परत विचारतायत. ह्याच्यासाठी प्रार्थना मागायला लाज वाटते, पण आपलं अर्धं आयुष्य ह्याच गोष्टींत जातं आणि घरच्यांना आपण ख्रिस्ती म्हणून कसे आहोत हे इथेच दिसतं.

खाली जे लिहिलंय ते क्रमाने करायचं आहे, पण एका दिवसात नाही. एकेक गोष्ट आठवडा दोन आठवडे धरा, मग पुढची घ्या.

आधी बघा, नेमकं कुठे चिडता

"मी फार चिडकी आहे" असं म्हणून काही होत नाही. बहुतेक लोक दिवसभर चिडत नसतात, ठरलेल्या तीन-चार जागी चिडतात. फोनमध्ये एक नोट उघडा आणि आठवडाभर फक्त एवढं लिहा: किती वाजले होते, समोर कोण होतं, शेवटचं कधी खाल्लं होतं, रात्री झोप किती झाली होती. कोण बरोबर कोण चूक हे लिहू नका, नाहीतर ती नोट म्हणजे तक्रारवही होते आणि वाचून परत राग येतो.

भूक आणि झोपेचं मी मुद्दाम म्हणतेय. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून "आता पुरे, मला मरण दे" म्हणाला (1 राजे 19), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. तेव्हा तुमच्या नोटमध्ये संध्याकाळी सात ते साडेसातच सारखं येत असेल, तर आधी पाच वाजता काहीतरी खा. ऑफिसमधून येऊन उपाशीपोटी थेट पोराचा अभ्यास घ्यायला बसायचं आणि मग प्रभू मला संयम दे म्हणायचं, ह्यात अर्थ नाही. शरीरही त्यानेच दिलंय, त्याची काळजी घेणं हा प्रार्थनेचाच भाग आहे असं मी मानते.

"माझा वेळ" हा शब्द सोडायला लागतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, बाकीच्या हिच्यावर उभ्या आहेत.

नीट पाहिलं तर चिडचिडीच्या मुळाशी एकच वाक्य असतं: माझा वेळ वाया घालवला. माझी वीस मिनिटं, माझी सुट्टी, माझी झोप. म्हणजे दिवस माझ्या मालकीचा आहे आणि समोरचा त्यातून चोरी करतोय, असा हिशोब आत चालू असतो. दावीद 31 व्या स्तोत्रात म्हणतो की माझा काळ तुझ्या हाती आहे. नव्या करारातला याकोबही त्याच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापारी लोकांना हेच सांगतो, आज उद्या अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, नफा कमावू असं छातीठोक म्हणू नका, उद्या काय होणार तुम्हाला माहीत नाही, प्रभूची इच्छा असेल तर हे करू असं म्हणा. हे वचन आपण लग्नपत्रिकेच्या वेळी, प्रवासाच्या वेळी आठवतो, पण साध्या मंगळवारच्या सकाळी कोणी आठवत नाही.

करायचं असं. सकाळी चहाच्या आधी किंवा चहासोबत, दिवसाचं वेळापत्रक डोळ्यासमोर आणा आणि एकेक गोष्ट नाव घेऊन प्रभूच्या हातात द्या. "प्रभू, दहा वाजता मीटिंग आहे, ती लांबू शकते. दुपारी त्या ऑफिसात कागद द्यायचेत, तिथे गर्दी असेल. संध्याकाळी गणित आहे." मोघम प्रार्थना नको, हा दिवस आशीर्वादित कर एवढ्यावर थांबू नका. जागा आणि वेळ धरून प्रार्थना केली की ती घटना प्रत्यक्ष येते तेव्हा अनोळखी वाटत नाही, हिच्याबद्दल तर सकाळीच बोलणं झालंय असं आतून आठवतं.

आणि ह्याच्या जोडीला व्यवहाराची गोष्ट, पंधरा मिनिटं आधी निघा. पुण्यात राहून सकाळी साडेआठला निघायचं आणि रस्ता मोकळा मिळेल असं धरून चालायचं, हे रोज स्वतःला मोहात टाकणं आहे. दिवसात दोन कामांच्या मध्ये मोकळी जागा ठेवा. ज्याचं वेळापत्रक गच्च भरलेलं असतं त्याला धीर धरायला वावच उरत नाही, भक्ती कितीही असली तरी.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय सावकाश वाचा

धीराबद्दल एकच उतारा निवडायचा झाला तर मी हा निवडीन, दुःखात धीर धरण्यासाठी ओळखला जाणारा ईयोब सुद्धा नंतर.

याईर हा सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचा, अधिकारी. त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकली आहे. तो येशूच्या पाया पडतो, येशू लगेच निघतो, मागे एवढी गर्दी की लोक चेंगरतायत. आता ह्याच्याइतकं घाईचं काम दुसरं कुठलं असणार. आणि वाटेत एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षांपासून तिला रक्तस्राव होतोय, वैद्यांवर सगळा पैसा खर्च झालाय आणि दुखणं उलट वाढलंय. शिवताक्षणी ती बरी होते. म्हणजे काम झालेलं आहे, येशू चालत राहिला असता तरी चाललं असतं. पण तो थांबतो. मला कोण शिवलं म्हणून विचारतो. शिष्यांना ते विचित्रच वाटतं, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि तुम्ही म्हणता कोण शिवलं. तरी तो वळून तिला शोधत राहतो, मग ती थरथर कापत पुढे येते आणि सगळी हकिगत सांगते. सगळी, असं शास्त्रात आहे. बारा वर्षांची हकिगत सांगायला किती वेळ लागला असेल ह्याचा विचार करा. आणि तो तिला "मुली" म्हणतो.

ह्या सगळ्या वेळात याईर बाजूला उभा आहे. त्याच्याबद्दल त्या ओळींत एक शब्द नाही. मला वाचताना दरवेळी तो दिसतो, त्याला त्या बाईचा राग आला असेल का, आणि येशूचाही? आणि तेवढ्यात घरून माणसं येतात, तुमची मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता. त्यावर येशू त्याला म्हणतो, "भिऊ नको, विश्वास मात्र धर."

इथून शिकायचं काय? येशूला घाई होती, काम खरं होतं, उशिराची किंमतही खरी होती. पण वाटेत जे आडवं आलं ते त्याच्या दृष्टीने माणूस होतं. आपण चिडतो तेव्हा समोरच्याचं माणूसपण आधी जातं, तो "काउंटरवाला", "समोरचा रिक्षावाला", "ती एचआरवाली" होतो. म्हणून सराव असा करा: जिथे थांबावं लागतंय तिथे समोरच्या माणसाबद्दल एक गोष्ट बघा जी तुमच्या कामाशी संबंधित नाही. काउंटरवरच्या बाईंच्या टेबलावर डबा तसाच बंद पडलाय. डिलिव्हरीच्या पोराचा रेनकोट फाटलाय. ते दिसलं की मनात त्या माणसासाठी एका वाक्याची प्रार्थना करा. नाव कळलं तर नावाने. मोठ्याने काही करायचं नाही, प्रदर्शन नको. पण ज्याच्यासाठी आत्ता प्रार्थना केली त्याच्यावर पुढच्या मिनिटाला खेकसणं फार जड जातं.

आणि कधी कधी आपण त्या बाईच्या नाही, याईरच्या जागी असतो, म्हणजे दुसऱ्याचं काम होतंय आणि आपलं थांबलंय. मंडळीत दुसऱ्यांच्या साक्षी ऐकताना हे फार होतं, हिच्या पोराला नोकरी लागली, तिचं लग्न ठरलं, आमचं मात्र तिथेच. तेव्हा हाच उतारा परत काढा आणि ह्या वेळी याईरच्या बाजूने वाचा.

नेमक्या त्या क्षणी

तोंडाशी शब्द आलाय. आता लांब प्रार्थनेला वेळ नाही. नहेम्याचं बघा, तो पारसच्या राजाच्या दरबारात चाकरीला होता, राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या 2). राजा समोर बसलेला आहे, म्हणजे ती प्रार्थना एका श्वासाचीच असणार. आपल्यालाही तसलीच एक हवी, आधीपासून पाठ केलेली. मला 141 व्या स्तोत्रातली ओळ सगळ्यात उपयोगी वाटते, "हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव." श्वास घेताना हे परमेश्वरा, सोडताना माझ्या मुखावर पहारा ठेव. तीनदा. तोपर्यंत तोंड बंद, हात मोबाइलवर नाही, हॉर्नवर नाही.

व्हॉट्सअपवर भांडण असेल तर अजून सोपं आहे, लिहा पण पाठवू नका, फोन उलटा ठेवा आणि भांडी घासून या. याकोब म्हणतो ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. टाइप करणं हे बोलण्यातच आलं, आणि ते स्क्रीनशॉट होऊन फिरतं म्हणून त्याला जास्तच सावकाश पाहिजे.

फोनवर कस्टमर केअरवाल्याशी बोलताना एक करा, सुरुवातीला त्याचं नाव विचारून कागदावर लिहा आणि बोलताना वापरा. तक्रार पूर्ण सांगा, तक्रार क्रमांक मागा, वरिष्ठांशी बोलायचं असेल तर तसं सांगा. धीर म्हणजे तक्रार न करणं नाही. आवाज न चढवता तक्रार केली की ती नीट नोंदवलीही जाते.

ज्यांच्याशी रोजचंच आहे

अनोळखी माणसाशी दोन मिनिटं नीट वागणं जमतं. घरच्यांचं अवघड, कारण तिथे तीच गोष्ट उद्याही होणार असते.

आमच्या सासऱ्यांना आता विसरायला होतं. बुधवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, बायबल काखेत धरून दाराशी उभे असतात, चला चर्चला उशीर होतोय. आज बुधवार आहे पप्पा म्हटलं की बरं म्हणतात, आत जातात, आणि दहा मिनिटांनी परत दाराशी. अशा माणसाला कॅलेंडर दाखवून पटवायला जाण्यात काही हशील नाही, त्यांना तारीख कळावी ही आपली गरज असते, त्यांना उपासनेला जायचं असतं. म्हणून आम्ही आता त्यांना खुर्चीवर बसवतो, एक गीत म्हणतो, त्यांना सगळी कडवी येतात, प्रभूची प्रार्थना म्हणतो, आशीर्वाद होतो, आणि ते समाधानाने शर्ट बदलायला जातात. ह्याला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ वाद घालायलाही लागला असता. तुमच्या घरी वेगळं काही असेल, पण सूत्र हेच धरा: परत परत येणाऱ्या प्रश्नामागे त्या माणसाला नक्की काय पाहिजे ते शोधा आणि तेच द्या.

"प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" हे आपण लग्नात वाचतो. प्रेषित पौलाने ते लिहिलं करिंथ शहरातल्या मंडळीला, आणि ती मंडळी तर आपसात गट पाडून भांडणारी, एकमेकांना कोर्टात खेचणारी, प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, एकजण उपाशी आणि एकजण तर्र अशी होती. म्हणजे ते वचन मुळात एकमेकांना वैतागलेल्या माणसांसाठी आहे. ते फ्रिजवर लावायचं असेल तर लावा, पण "प्रीती"च्या जागी आपलं नाव घालून रोज एकदा वाचा.

पोरांच्या अभ्यासाचं थोडक्यात सांगते. वीस मिनिटांच्या वर एका बैठकीत ताणू नका, आणि आवाज चढायला लागला की वही मिटा, उद्या बघू म्हणा. पाढा चुकला तर उद्या परत विचारता येतो, आपण काय बोललो ते मात्र पोराच्या लक्षात राहतं.

राग देवापुढे ओता, पूर्ण

आपल्याकडे एक समज आहे की विश्वासू माणसाने कुरकुर करायची नाही, सगळं "प्रभूची इच्छा" म्हणून गिळायचं. असं गिळलेलं पोटात राहतं आणि तिसऱ्याच माणसावर निघतं, बहुतेक वेळा जो सगळ्यात लहान असतो त्याच्यावर. स्तोत्रकर्ते असं करत नाहीत. 13 वं स्तोत्र उघडा, सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच अशी की परमेश्वरा, किती काळ, मला कायमचाच विसरणार का? पहिल्या दोन ओव्यांत चारदा किती काळ किती काळ. शेवटी गाणंही आहे, पण ते तक्रार पूर्ण झाल्यावर.

तेव्हा रात्री दार लावून, किंवा गच्चीवर, किंवा गाडीत एकटे असताना मोठ्याने बोला. मराठीत, घरच्या भाषेत, प्रार्थनेचे ठरलेले शब्द नसले तरी चालतील. आज ह्या माणसाने असं केलं, मला फार राग आलाय, मला त्याला अमुक ऐकवायचं होतं. देवाला ते आधीच माहीत आहे, त्याला धक्का बसत नाही. निर्गमच्या 34 व्या अध्यायात तो मोशेला स्वतःची ओळख सांगतो त्यात मंदक्रोध, म्हणजे लवकर न रागावणारा, असं येतं, म्हणजे आपलं ऐकून घ्यायला त्याच्याकडे धीर आहे. हे रोज रात्री पाच-दहा मिनिटं झालं तर सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका हे पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं वचन पाळणं शक्य होतं, नाहीतर ते नुसतं ओझं वाटतं.

इथे धीर धरायचा नाही

हे स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. मारहाण, शिवीगाळ, दारू पिऊन रोजचा त्रास, पैशाची कोंडी, मुलांना इजा, ह्याला सहन करणं म्हणजे सहनशीलता नाही. कोणी तुम्हाला बायबल दाखवून गप्प बसायला सांगत असेल तर त्यांना लूकच्या 18 व्या अध्यायातली विधवा दाखवा, ती अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी न्याय मागत राहिली आणि येशूने तिचंच उदाहरण दिलं. पौलाला फिलिप्पैत चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला लागले तर तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये 16). हाच पौल प्रीती सहनशील आहे म्हणणारा. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीला 112, हे नंबर फोनमध्ये असू द्या आणि विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा.

फळ दिसायला वेळ लागतो

याकोब शेतकऱ्याचं उदाहरण देतो, तो पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत वाट बघतो. त्या देशात पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीच्या सुमारास, आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये, कापणीच्या आधी. म्हणजे मध्ये पाच-सहा महिने. आपल्या नगर-सोलापूरकडच्या माणसाला पावसाची वाट बघणं वेगळं समजावायला नको.

पंडिता रमाबाईंकडे बघा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये एवढ्या निराधार बायका-मुलींचा संसार सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, वर्षानुवर्षं, मिशनमधल्याच बायका छपाईचं काम करत होत्या. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी त्या काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळं झालेलं होतं. दिवसाला थोडं, पण रोज. म्हणून आठवड्याभरात माझा स्वभाव बदलला नाही असं म्हणून सोडून देऊ नका.

आणि फुटलंच तर

फुटणार, कधीतरी. तेव्हा माफी मागा, आणि "पण" न लावता. सॉरी पण तू पण ना, ही माफी नाही. मुलांकडे मागताना खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन मागा आणि काय चुकलं ते नाव घेऊन सांगा: मी तुला सगळ्यांसमोर ओरडले, ते चूक होतं. आईवडील माफी मागतात हे ज्या घरात मुलं बघतात तिथे क्षमा म्हणजे काय हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मत्तयच्या 18 व्या अध्यायात येशूच्या दाखल्यातला एक दास धन्याच्या पाया पडून म्हणतो, मला वागवून घ्या, म्हणजे माझ्याबाबत धीर धरा, आणि त्याचं प्रचंड कर्ज माफ होतं. बाहेर पडताच त्याला शंभर रुपयांचा देणेकरी भेटतो, तोही अगदी तेच शब्द बोलतो, आणि हा त्याचा गळा धरतो. आपल्याला किती वेळा वागवून घेतलंय ह्याची आठवण ठेवायला ठरलेली वेळ पाहिजे, नाहीतर ती राहत नाही. बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असतं आणि पौल सांगतो की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी. तर आदल्या शनिवारी ती फोनमधली नोट उघडा, महिनाभरात कोणाशी तुटक बोललात ते बघा, त्यातल्या एका माणसाला फोन करा. मत्तयच्या पाचव्यात येशूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर असंच म्हटलंय. आणि हा फोन शनिवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी करा, रविवारी सकाळी साडी नेसताना घाईघाईत नको.